नारिंगी बटण आणि वरची ओळ

हातात मावणाऱ्या या वायरलेस सेटवर एक नारिंगी बटण असतं. ते काय करतं हे कळलं की निम्मा सेट कळतो. ते कळेपर्यंत बाकीची बटणं कितीही दाबली तरी पडद्यावर काहीतरी हलतं, काहीतरी वाजतं, आणि का हललं, का वाजलं याचा पत्ता लागत नाही.

माझा सेट चिनी बनावटीचा, दोन बँडचा, साधारण पाच वॅटचा. हॅम रेडिओत, म्हणजे परवाना घेऊन हौसेने वायरलेसवर बोलण्याच्या छंदात, नव्याने येणाऱ्या बहुतेकांच्या हातात आधी असलाच सेट पडतो, कारण तो परवडतो. मी सोलापुरात एका सुताच्या पेढीवर हिशेब पाहते. बी.कॉम. झाले, त्यामुळे इलेक्ट्रॉनिक्सशी संबंध आला तो परीक्षेच्या अभ्यासापुरताच. हॅमची रिस्ट्रिक्टेड ग्रेडची परीक्षा मॉर्सच्या टिंब-रेघांशिवाय देता येते. ती दिली, दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी या वायरलेस परवान्यांच्या शाखेचा परवाना आला, व्हीयू३ ने सुरू होणारी कॉल साइन, म्हणजे हवेतली माझी ओळख, मिळाली आणि मगच सेट घेतला.

हा क्रम मुद्दाम सांगतेय. ऑनलाइन दिसला म्हणून वॉकीटॉकी मागवणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातले कमी ताकदीचे मंजूर सेट परवान्याशिवाय वापरता येतात. माझ्यासारखा सेट मात्र आपल्या दोन बँडमधली कुठलीही फ्रिक्वेन्सी टाकली की तिथे बोलायला लागतो, मग ती पोलिसांची का असेना. त्याला कोण अडवणार? आपणच. हॅमना आपल्याकडे १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ हे पट्टे आहेत. या दोन पट्ट्यांबाहेर अंगठा पीटीटीवर, म्हणजे दाबून बोलायच्या बटणावर, जाऊ द्यायचा नाही. सेट शिकण्याआधी हे चार आकडे शिकायचे.

मला शिकवलं ते रेल्वेच्या सिग्नल आणि टेलिकॉम खात्यातून निवृत्त झालेल्या एका काकांनी. सोलापूर हे मध्य रेल्वेच्या विभागाचं ठिकाण, त्यामुळे असली माणसं गावात आहेत. विचारलं तर दार उघडतात. सेटबरोबर आलेली पुस्तिका त्यांनी उघडलीसुद्धा नाही. कुणीतरी घाईत इंग्रजी केलेली ती पुस्तिका कुठलं बटण कुठे आहे ते सांगते, पण कुठल्या वेळी दाबायचं ते सांगत नाही. काका म्हणाले, "हे बघ, या डब्यात बटणं कमी अन् कामं जास्त आहेत. म्हणून एकेका बटणाला दोन-दोन, तीन-तीन कामं लावलेत. तू कुठं उभी आहेस त्यावर ते बटण काय करणार ते ठरतंय. आधी कुठं उभी आहेस ते बघायचं, मग बोट उचलायचं."

पडद्यावर दोन ओळी असतात. दोन्हींवर एकेक फ्रिक्वेन्सी. त्यातली कामाची एकच, जिच्या शेजारी छोटा बाण असतो ती. ए/बी बटणाने बाण वर-खाली जातो. इथपर्यंत सोपं. पण कारखान्यातून येताना सेट दोन्ही ओळी ऐकत असतो. एक विणकर दोन मागांवर लक्ष ठेवतो तसा तो दोन्हींकडे बघत असतो आणि जिथे आवाज येईल तिथे धावतो. खालच्या ओळीवर कुणी बोललं की बाण खाली. उत्तर द्यायला आपण पीटीटी दाबली तर ते वरून जाणार की खालून, हे किती सेकंद उलटले आणि कुठली सेटिंग आहे त्यावर ठरतं. शिकणाऱ्याने या भानगडीत पडूच नये. मेनूत सात नंबरला टीडीआर, म्हणजे दोन्ही ओळी ऐकायची सेटिंग असते, ती ऑफ करायची. मग सेट बाणाचीच ओळ ऐकतो आणि तिथूनच बोलतो. मला विचाराल तर नवीन सेटवर करायचं पहिलं काम हेच, आवाज वाढवण्याच्याही आधी.

आता नारिंगी बटण. त्यावर व्हीएफओ/एमआर लिहिलेलं असतं. सेटच्या दोन अवस्था आहेत. एका अवस्थेत तुम्ही आकडे दाबून हवी ती फ्रिक्वेन्सी टाकता. दुसऱ्या अवस्थेत आधी साठवून ठेवलेले चॅनेल नंबराने बोलावता. नारिंगी बटण या दोन अवस्थांमध्ये ये-जा करतं. तुम्ही कुठे आहात ते ओळखायचं कसं? ओळीच्या उजव्या टोकाला बारीक चॅनेल नंबर दिसला तर चॅनेलमध्ये, नाही दिसला तर फ्रिक्वेन्सीत. तो नंबर इतका बारीक असतो की दुपारच्या उन्हात दिसत नाही. मी तळहाताचा आडोसा करून बघते.

एवढ्यासाठी इतकं का सांगायचं? कारण आकड्यांची बटणं दोन्हीकडे वेगळी वागतात. फ्रिक्वेन्सीत १-४-५ दाबलं की १४५ मेगाहर्ट्झची सुरुवात होते. चॅनेलमध्ये तेच तीन आकडे दाबले तर सेट १४५ नंबरचा चॅनेल शोधतो. चॅनेल आहेत ० ते १२७, म्हणून तो नुसता बीप करून गप्प बसतो. चॅनेलमध्ये असताना टोन (तो काय ते पुढे येईल) किंवा तसलं काही बदललं तर ते कायमचं राहतही नाही. बँड बटण, जे व्हीएचएफ (१४४ चा पट्टा) आणि यूएचएफ (४३४ चा पट्टा) अदलाबदल करतं, ते फ्रिक्वेन्सीतच चालतं. सेट बिघडला असं वाटायला लावणाऱ्या बऱ्याच गोष्टी या एका बटणापाशी येऊन संपतात.

डाव्या कुशीत मोठं पीटीटी बटण, त्याच्या वर एक आणि खाली एक अशी दोन लहान बटणं. अंधारात बोटाला तिन्ही लागतात. खालचं हलकं दाबलं की टॉर्च लागते, धरून ठेवलं की खरखर अडवणारा स्क्वेल्च उघडतो आणि ती ऐकू येते. वरचं हलकं दाबलं की चक्क एफएम रेडिओ. तेच धरून ठेवलं की मात्र सायरन. आणि हा सायरन सेटपुरता नसतो. मेनूत बत्तीस नंबरला त्याची जात ठरते. तिथे टोन नावाचा पर्याय ठेवलेला असेल तर सायरन चालू फ्रिक्वेन्सीवरून हवेत जातो, बोलणाऱ्या सगळ्यांच्या कानात. काकांनी पहिल्याच बैठकीत मला बत्तीसवर नेऊन ते साइटवर, म्हणजे सायरन सेटपुरताच, ठेवायला लावलं. मग अंगठा पीटीटीवर, पण तर्जनी नेहमी मागे बॅटरीकडे, अशी पकड शिकवली. तर्जनी पुढे आली की ती वरच्या लहान बटणावर जाते. ही पकड कुठल्याही पुस्तिकेत नाही.

मेनूत बाणांनी फिरायचं नाही, ही त्यांची पुढची शिस्त. मेनू दाबायचा, नंबर दाबायचा, पुन्हा मेनू, मग बदल, पुन्हा मेनू म्हणजे पक्कं, आणि एक्झिट. हात काही सेकंद थांबला की मेनू आपोआप मिटतो, त्यामुळे वाचत वाचत गेलं तर अर्ध्यातच बाहेर पडतो. नंबर पाठ असले की मिटायच्या आत काम होतं. मी वहीच्या मागच्या पानावर फक्त लागणारे नंबर लिहिले: शून्य स्क्वेल्च, एक स्टेप, सात टीडीआर, अकरा आणि तेरा टोन, सत्तावीस साठवणे, अठ्ठावीस पुसणे, बत्तीस सायरन. बाकीचे आहेत हे माहीत आहे, तेवढं पुरे.

बोलायला लागले त्याआधी बरेच दिवस नुसतं ऐकलं. स्क्वेल्च म्हणजे दार. शून्यावर ते उघडं, सतत खरखर. आकडा वाढवाल तसं लहान आवाजांना दार बंद. तीनवर ठेवलं तर शहरातली कटकट थांबते आणि जवळचं माणूस ऐकू येतं. दूरचं, क्षीण माणूस ऐकायचं असेल तर शून्य करून खरखरीत कान लावायचा. कान सरावतो. दळणाच्या गिरणीत उभं राहून बोलणं ऐकू येतं तसाच तोही सराव.

पहिली बोलणी मुरारजी पेठेतल्या आमच्या गच्चीवरून जुळे सोलापुरातल्या काकांच्या गच्चीवर. १४५ मेगाहर्ट्झच्या लाटा इमारतीला वळसा घालत नाहीत म्हटलं तरी चालेल, त्यामुळे गच्ची आणि गल्ली यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. खाली स्वयंपाकघरातून त्यांना माझं एक अक्षर गेलं नाही. जिना चढून वर आले तर, "आता कसं स्वच्छ येलंय बघ!" अँटेना उभी धरायची, तोंडासमोर आडवी नाही. माईकचं भोक अगदी टाचणीएवढं असतं, ते कुठे आहे ते आधी बघून ठेवायचं आणि तोंड त्यापासून दोन-तीन बोटं लांब. पीटीटी दाबल्यावर लाल दिवा लागतो. लागल्याबरोबर बोलायचं नाही, अर्धा क्षण थांबायचं, नाहीतर पहिलं अक्षर तुटतं. बोलून झाल्यावरही अंगठा लगेच उचलायचा नाही. पीटीटी दाबलेली असताना आपल्याला काहीही ऐकू येत नाही. फोनची सवय असलेल्या माणसाला ही गोष्ट सगळ्यात जड जाते, कारण फोनवर आपण एकमेकांच्या बोलण्यात बोलत असतो. इथे थांबावंच लागतं.

टोनची गोष्ट मला फार आवडली. रिपीटर म्हणजे उंचावर बसून तुमचा आवाज ऐकून पुढे फेकणारा सेट. कुणाचीही खरखर फेकत बसू नये म्हणून तो आवाजाखाली दडलेला एक मंद सूर तपासतो. हाच टोन. हे सूर ६७ पासून २५४.१ हर्ट्झपर्यंतचे. आपल्या बोलण्याखाली ते वाहत असतात, पण समोरच्याला जाणवत नाहीत, कारण सेट ते गाळून टाकतो. मेनू तेरा म्हणजे आपण पाठवायचा सूर. मेनू अकरा म्हणजे समोरून हवा असलेला सूर. अकरामध्ये काही टाकलं आणि समोरून तो सूर येत नसला, तर सिग्नल आल्याचा हिरवा दिवा लागतो आणि आवाज मात्र येत नाही. सुरुवातीला अकरा ऑफच ठेवावं.

आता जे करायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला आणि ज्याने सेट खरा हातात आला, ते सांगते.

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर हॅम रेडिओचा रिपीटर आहे. सप्टेंबर २०२० पासून तो क्रॉसबँड रिपीटर म्हणून चालतो. तुम्ही १४५.९९० वर ६७ हर्ट्झच्या सुरासह बोलायचं, तो ४३७.८०० वर परत फेकतो. म्हणजे बोलायचं एका बँडवर आणि ऐकायचं दुसऱ्या. त्यात भर म्हणजे स्थानक सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगाने जातं. जवळ येताना त्याची फ्रिक्वेन्सी आपल्याला चढलेली मिळते, लांब जाताना उतरलेली. ४३७ मेगाहर्ट्झवर हा फरक सुमारे दहा किलोहर्ट्झपर्यंत जातो. म्हणून सुरुवातीला ४३७.८१०, मग ४३७.८०५, डोक्यावर आलं की ४३७.८००, पुढे ४३७.७९५ आणि शेवटी ४३७.७९०. बोलायच्या १४५.९९० वर हा फरक कमी, साडेतीन किलोहर्ट्झच्या आत, म्हणून तिथे काही बदलावं लागत नाही. स्थानक क्षितिजापासून क्षितिजापर्यंत जायला दहाएक मिनिटं घेतं. तेवढ्यात आकडे दाबत बसणं शक्य नाही. पाच चॅनेल आधीच साठवून ठेवायचे आणि नुसता वरचा बाण दाबत जायचं.

हे केबल लावून संगणकावरून पाच मिनिटांत होतं. त्यासाठी चर्प नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, तेही चांगलं आहे. पण काकांनी हातानेच करायला लावलं. त्यांचा मुद्दा मला पटला. हा सेट जवळ बाळगायचा तो अडीअडचणीसाठी, आणि अडचणीच्या वेळी संगणक, वीज, केबल यातलं काय जवळ असेल ते सांगता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर लोक झोपलेले असताना किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी शाळकरी होते. सोलापुरातही भांडी खडखडली. उमरग्याकडे राहणाऱ्या मावशीला फोन लागत नव्हता, आणि आईचं दिवसभर रिसीव्हर उचलून ठेवणं मला आजही दिसतं. काकांनी केबल बाजूला सारली तेव्हा मला तेच आठवलं.

हाताने साठवायची रीत अशी. नारिंगी बटणाने फ्रिक्वेन्सीत या. बाण वरच्या ओळीवर आणा. साठवणं वरच्या ओळीवरूनच नीट होतं, खालच्या ओळीवरून नाही. ही एक गोष्ट माहीत नसली तर माणूस दिवस घालवतो. टीडीआर ऑफ आहे ना ते बघा. मेनू एकमध्ये स्टेप, म्हणजे फ्रिक्वेन्सी सरकायचं अंतर, पाच किलोहर्ट्झची ठेवा, नाहीतर ४३७.८०५ टाकलं तरी सेट त्याला सोयीच्या आकड्यावर सरकतो. ज्या नंबरावर साठवायचं तो रिकामा आहे का ते मेनू सत्तावीसमध्ये दिसतं. नंबराआधी सीएच अशी अक्षरं आली तर तो भरलेला. भरलेला असेल तर अठ्ठावीसमध्ये जाऊन पुसायचा, त्याच्यावर लिहू बघाल तर सेट ऐकत नाही.

आता बँड बटणाने यूएचएफवर येऊन ऐकायची फ्रिक्वेन्सी टाका, ४३७.८१०. मेनू अकरा ऑफ. मेनू तेरामध्ये ६७.०, ऑफच्या लगेच पुढचा तोच. सुराचं काम इथेच, पहिल्या साठवणीच्या आधी उरकायचं. मग मेनू सत्तावीस, चॅनेल नंबर, मेनू. सेटच्या आतली बाई इंग्रजीत सांगते की ऐकायची बाजू साठवली. एक्झिट. आता त्याच ओळीवर, बँड बटणाने व्हीएचएफवर येऊन, १४५.९९० टाका. पुन्हा मेनू सत्तावीस, तोच नंबर, मेनू. या वेळी ती सांगते की पाठवायची बाजू साठवली. एकाच खणात दोन फ्रिक्वेन्सी गेल्या. चॅनेलमध्ये जाऊन बघितलं तर ओळीवर अधिक आणि उणे ही दोन्ही चिन्हं दिसतात. ती दिसली की समजायचं, ऐकणं आणि बोलणं वेगळं झालंय. हेच आणखी चारदा. चौथ्या चॅनेलपर्यंत बोटं आपोआप चालतात. पडद्याकडे न बघता, नुसत्या बीपवर, मी कुठे आहे ते मला कळत होतं.

एप्रिलमधली संध्याकाळ होती. दिवसभर तापलेली गच्ची मावळतीनंतरही पायाला चटका देत होती, म्हणून सतरंजी टाकली. फोनवर स्थानक कधी आणि कुठून येणार ते बघून ठेवलं होतं. नैर्ऋत्येकडून येऊन ईशान्येकडे जाणार होतं. सेटच्या रबरी अँटेनाच्या जागी लांब होणारी काडीची अँटेना लावली. तिचं टोक स्थानकाकडे रोखायचं नाही, कारण टोकाच्या दिशेने ती जवळजवळ बहिरी असते. ती आडवी-तिरकी धरून मनगट फिरवत राहायचं, आवाज वाढेल तिथे थांबायचं. स्क्वेल्च शून्य. पहिला चॅनेल.

खरखर, खरखर, आणि मग त्यातून एक माणूस. आधी तुटक, मग एका अँटेनाच्या वळणाने एकदम स्पष्ट. कुणीतरी केरळमधून बोलत होता, त्याला श्रीलंकेतला उत्तर देत होता. चारशे किलोमीटर उंचीवरून स्थानकाला हा सगळा टापू एकाच वेळी दिसतो, म्हणून सगळे एकाच ठिकाणी गोळा होतात आणि ज्याचा सिग्नल जोराचा तो बाकीच्यांवर बसतो. मी फट शोधत होते. बाण दाबला, दुसरा चॅनेल, आवाज पुन्हा स्वच्छ झाला. फट मिळाली. अंगठा दाबला, अर्धा क्षण थांबले, कॉल साइन सांगितली आणि पुढे "माइक किलो सेव्हन सेव्हन", म्हणजे एमके७७. जगाच्या नकाशाच्या चौकटींमध्ये सोलापूरची चौकट ती. उपग्रहावरून बोलताना गावाचं नाव सांगायला वेळ नसतो, चौकट सांगतात.

अंगठा उचलला. बेंगळुरूच्या एका स्टेशनने माझी कॉल साइन अक्षर न अक्षर परत म्हटली आणि आपली चौकट दिली, माइक किलो एट टू. मी पोच दिली, सेव्हन्टी थ्री हा हॅमचा निरोप म्हटला. पुढचा चॅनेल लावेपर्यंत तिथे दुसरेच कुणी बोलायला लागले होते. शेजारच्या गच्चीवर वाळवणाचे पापड गोळा करणाऱ्या वहिनी विचारत होत्या, "कुठला स्टेशन लागला?" मी आकाशात हात केला. त्यांनीही वर बघितलं, आणि एक चमकता ठिपका गड्ड्याची जत्रा भरते त्या होम मैदानाच्या बाजूने सरकत जाताना आम्हाला दोघींनाही दिसला.

दुसऱ्या दिवशी लॉगबुकात नोंद केली आणि वहीचं मागचं पान मराठीत स्वच्छ लिहून काढलं. क्रम पुस्तिकेचा नाही, शिकण्याचा: आधी चार आकडे, मग टीडीआर ऑफ, सायरन साइटवर, नारिंगी बटण, स्क्वेल्च, पीटीटीची सवय, टोन, शेवटी साठवणं. काकांनी त्यात एकच भर घातली. की-पॅडचं कुलूप, म्हणजे चौकटीच्या खुणेचं (#) बटण धरून ठेवणं. पिशवीत सेट असताना बटणं दाबली जाऊ नयेत म्हणून. तेच बटण हलकं दाबलं की ताकद कमी-जास्त होते, तेही शेजारी लिहिलं.

पंढरपूरच्या एका कॉलेजच्या मुलाला नुकतीच कॉल साइन मिळालीय. त्याला कागद पाठवला. त्याचा पहिला प्रश्न आला, "ताई, सात नंबर ऑफ केल्यावर खालची ओळ पडद्यावरून जाते का?" जात नाही. दिसते, फक्त तिथलं ऐकू येत नाही. हेही आता कागदावर लिहायला हवं. रविवारी तो सेट घेऊन सोलापूरला येतोय, आणि काकांनी आत्ताच बजावलंय की जेवणाआधी त्याला पीटीटीला हात लावू द्यायचा नाही, नुसतं ऐकवायचं.